शेवाळ मोजणाऱ्या परबबाई

परबबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या चपलांबद्दल.

"त्या चपला भायर काढ," त्या म्हणाल्या. "तुझ्या पायात अख्खी खाण आसा."

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेच्या दारात मी उभा होतो. त्याआधीची कितीतरी वर्षं मी गोव्यातल्या पाळी या गावी एका खाणीच्या लॅबमध्ये खनिजातलं लोखंड मोजण्यात काढली होती. खाणी बंद पडल्या, आणि चाळिशी उलटून गेल्यावर मी मुळगावहून रोज स्कूटर मारत पेडणे तालुक्यात यायला लागलो. मुळगावची तांबडी धूळ माझ्या चपलांना, पँटच्या कडांना, नखांच्या कोपऱ्यांना कायमची लागलेली होती. मला ती दिसतसुद्धा नव्हती. बाईंना दारातून दिसली.

पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, काळ्यासावळ्या, सुती साडी नेसणाऱ्या. साडीवरून पांढरा कोट, आणि कोटाच्या बाह्या मनगटाशी सेफ्टी पिनेने आवळलेल्या. हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. कोरगावच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन बेळगावला. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं, कारण बाई स्वतःबद्दल बोलत नसत. त्या आकड्यांबद्दल बोलत.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला फक्त बाटल्या धुवायला लावल्या. प्लास्टिकच्या बाटल्या आम्लात भिजवायच्या, शुद्ध पाण्यातून तीनदा काढायच्या, पालथ्या घालायच्या. मला राग आला होता. मी काही शिकाऊ नव्हतो. खाणीत आम्ही टक्क्यांत मोजायचो. शंभरात साठ लोखंड की अठ्ठावन्न, एवढाच प्रश्न. इथे आर्सेनिक शोधायचं होतं, तेही अब्जातल्या भागांत. सोळाव्या दिवशी त्यांनी मला पहिला नमुना वजन करायला दिला.

"किती घेतलंस?"

"साधारण अर्धा ग्रॅम."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "साधारण म्हणजे किती?"

मी आकडा बघून सांगितला. त्यांनी तो मोठ्याने एकदा म्हटला, वहीत लिहिला आणि लिहिल्यावर परत एकदा म्हटला. हा त्यांचा नेम होता. 'साधारण' या शब्दावर त्यांचा एवढा रोष की बाजारात शिंपल्यांतल्या तिसऱ्या विकणारी तिसवाली "साधारण शंभर आसतीत गे" म्हणाली की बाई तिथेच बसून मोजायला लागत. तिसवाल्या त्यांना ओळखून होत्या.

आमच्याकडे भाज्या, मसाले, मासळी, पाणी असं सगळं यायचं. पण बाईंचं मन होतं समुद्रातल्या शेवाळात. शेवाळ खायचं फॅड तेव्हा आपल्याकडे नुकतं येत होतं. कुणी त्याची पावडर करी, कुणी पापड, कुणी चटणी. आणि शेवाळ समुद्रातून आर्सेनिक ओढून घेतं. त्यातलं बरंचसं साखरेसारख्या रेणूंत बांधलेलं असतं. ते त्या मानाने निरुपद्रवी समजतात. उरलेलं मोकळं, ज्याला असेंद्रिय म्हणतात, ते खरं विष. जुनी पद्धत दोन्ही एकत्र मोजायची आणि एकच आकडा द्यायची. त्या आकड्यावरून माणसाने काय समजायचं, हे आकडा सांगत नसे.

हे बाईंना किती महागात पडलं होतं ते मला नवीन मशीन आलं तेव्हा कळलं.

नवीन मशीनमध्ये आर्सेनिकचे प्रकार एका नळीतून वेगवेगळे होऊन एकामागून एक बाहेर येत आणि पडद्यावर प्रत्येकाचा वेगळा उंचवटा उमटे. मशीन नीट चालायला लागलं त्या आठवड्यात बाईंनी डीप फ्रीजरच्या तळातून एक सीलबंद पाकीट काढलं. वर जुन्या शाईत लिहिलं होतं: केरी, हिरवं शेवाळ.

मी तिथे येण्याआधीची गोष्ट. केरीच्या किनाऱ्यावरच्या सात-आठ बायकांचा एक बचत गट होता. ओहोटीला खडकांवरचं हिरवं शेवाळ खरवडून, धुऊन, वाळवून त्या पापड करत. धंदा जमत आला होता. बाईंच्या अहवालात आर्सेनिकचा एकूण आकडा मर्यादेबाहेर आला. सरकारी माणसं आली, सगळा माल खड्ड्यात पुरला, पेपरात 'विषारी पापड' असं छापून आलं. गट मोडला.

बाईंनी ते पाकीट नव्या मशीनवर तीनदा चालवलं. विषाचा उंचवटा जेमतेम होता. जवळजवळ सगळं आर्सेनिक दुसऱ्या, बांधलेल्या जातीचं होतं.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "गावस, आयतवारी तुझी स्कूटर घेऊन ये. केरीक जावया."

गट चालवणारी उषा नावाची बाई आता एका हॉटेलात भांडी घासत होती. आम्ही गेलो तेव्हा ती घरामागे नारळाची झावळं विणत होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. काय मोजलं होतं, काय मोजायचं राहिलं होतं, आता काय दिसलं. माफीचा शब्द त्यांनी सगळ्यात शेवटी उच्चारला.

उषाने कागद घेतला नाही. विणत राहिली.

"तेव्हा ह्या मशीन नव्हता, ता खरा," ती म्हणाली. "पण 'माका कळाक नाय' असा लिवक तुमच्या हाताक काय झाला हुता?"

बाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.  तो त्यांनी दुसऱ्या दिवशी टपालाने उषाला पाठवला, एक प्रत सरकारी कार्यालयात दिली, आणि 'विषारी पापड' छापणाऱ्या पेपरच्या कचेरीत स्वतः गेल्या. पेपरने चार ओळी छापल्या, आतल्या पानावर. त्यानंतर आमच्या प्रत्येक अहवालाखाली एक परिच्छेद असे: आम्ही काय मोजलं आणि काय मोजलं नाही. गिऱ्हाइकं कुरकुर करत. डायरेक्टर सरदेसाई साहेब म्हणत, "बाई, आपण काय करत नाही याची जाहिरात कशाला?" बाई परिच्छेद काढत नसत.

आणि मग ती पावडर आली.

एका मोठ्या कंपनीने शेवाळाची पावडर काढली होती, गरोदर बायकांसाठी, दुधात घालून प्यायची. वसाहतीतच तिचं पॅकिंग चाले. तीन लॉट तयार होते, शनिवारी ट्रक भरायचा होता. कंपनीचे मॅनेजर बोरकर बुधवारी स्वतः नमुने घेऊन आले. उंच, मृदू बोलणारे गृहस्थ.

एकूण आर्सेनिक तिन्ही लॉटमध्ये भरपूर निघालं. बोरकर घाबरले नाहीत. त्यांनी बॅगेतून एक कागद काढून मेजावर ठेवला. तो बाईंचाच होता, केरीचा.

"शेवाळातलं आर्सेनिक निरुपद्रवी जातीचं असतं, हे तुम्हीच दाखवून दिलंय मॅडम. एकूण आकडा द्या आणि खाली तशी टीप लिहा. आमचं काम झालं."

"ता केरीचा शेवाळ," बाई म्हणाल्या. "तुमचा वेगळा करून बघूक होया."

"किती वेळ लागेल?"

"लागात तितको."

सरदेसाई साहेबांचा चेहरा उतरला. ही कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती.

गुरुवारी सकाळी मशीन सुरू केलं. आधी कोरा नमुना चालवायचा असतो: शेवाळ सोडून बाकी सगळं असलेला, नुसतं आम्ल आणि पाणी. त्यात काही दिसायला नको. दिसलं. विषाच्या जागी एक छोटा, स्पष्ट उंचवटा.

"थांबव," बाई म्हणाल्या.

साहेब आले. पडदा बघितला. "एवढासाच आहे. वजा करून टाका ना, सगळे करतात."

"खयसून इलो ता कळल्याबगर वजा कसो करू?"

बाहेर बोरकर बसले होते. साहेब बाहेर जात, आत येत. बाईंनी शोध सुरू केला. आम्लाची बाटली बदलली, पुन्हा चालवलं. उंचवटा तिथेच. पाणी बदललं. तिथेच. प्रत्येक फेरीला पंधरा-वीस मिनिटं जात होती आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि मला कारण ठाऊक होतं.

आमच्या मुळगावच्या शेतकऱ्यांनी त्यांच्या शेतांतली माती तपासायला माझ्याकडे दिली होती. खाणीवरून वाहून आलेल्या गाळाने भात जळत होतं. सकाळी बाई यायच्या आधी मी ती पाकिटं वजनाच्या मेजावर उघडली होती. मातीतही आर्सेनिक असतं, म्हणून तिचं काम दुसऱ्या खोलीत करायचं हा नियम होता. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. मेज पुसलंही होतं.

मी बोललो नाही. ते आपोआप बरं होईल असं वाटत होतं. बाईंनी तिसरी बाटली उघडली. पाणी मोजून ओतलं आणि आकडा नेहमीसारखा दोनदा मोठ्याने म्हटला.  तेव्हा माझ्याने राहवेना.

"बाई, माझ्याकडून झालं." मी सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. रागावल्या नाहीत. फडक्यांची थप्पी आणली, अर्धी माझ्या हातात दिली. दिवसभर आम्ही दोघांनी ती खोली पुसली: मेज, तराजू, जनेलाच्या म्हणजे खिडकीच्या कडा, कपाटांचे दांडे. बाटल्या नव्याने आम्लात टाकल्या. संध्याकाळी कोट काढताना त्या म्हणाल्या, "चूक पुसाक येता. तू तासभर गप रवलंस, तो तास पुसाक येवचो नाय."

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मला मात्र तो तास अजून पुसता आलेला नाही.

शुक्रवारी कोरा नमुना कोरा आला. पडद्यावर सपाट रेघ. पहिला लॉट: विष थोडं. दुसरा: थोडं. तिसऱ्या लॉटला रेघ वर चढायला लागली, चढत राहिली, आणि पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन मग उतरली.

मी बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा मोठा शोध लागल्यासारखा नव्हता. घाबरलेला होता.

"ह्या खरा नसात," त्या म्हणाल्या. "असां समजून चल."

मग त्यांनी तो आकडा खोटा पाडायचा जो प्रयत्न केला तसा त्या कंपनीनेही केला नसता. शेवाळातल्या मिठाचं क्लोरीन मशीनमधल्या आर्गॉन वायूशी जुळून कधीकधी आर्सेनिकचं सोंग घेतं. ते नाही ना, बघितलं. आपल्या आम्लानेच बांधलेलं आर्सेनिक मोडून मोकळं झालं नसेल ना? म्हणून केरीचं उरलेलं चिमूटभर शेवाळ त्याच आम्लात, तेवढाच वेळ ठेवून चालवलं. त्यात विष वाढलं नाही. तिसऱ्या लॉटमध्ये ठाऊक असलेलं आर्सेनिक मोजून घातलं आणि तेवढंच परत मिळतं का बघितलं. मिळालं. दुपारी पोदेराच्या बेकरीतल्या पोया, म्हणजे कोंड्याचे पाव, आणल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. चार वाजता आर्गॉनच्या सिलिंडरचा काटा खाली यायला लागला. शेवटच्या फेरीपुरता गॅस होता. ती फेरीही तेच बोलली.

शनिवारी सकाळी बाई अहवाल लिहायच्या आधी कंपनीच्या गोदामात गेल्या. मी बरोबर. ट्रक दाराशी लागला होता, दोघे कामगार खोके चढवत होते. बोरकर पुढे आले.

"मॅडम, इथे कशा?"

"तिसऱ्या लॉटचा दळूक नाय असा शेवाळ उरलाहा? माका दाखवा."

बोरकरांनी क्षणभर विचार केला आणि एक अर्धं पोतं आणायला सांगितलं. नाही म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. बाईंनी बालदीभर पाणी मागितलं आणि मूठभर वाळलेलं शेवाळ त्यात सोडलं. आम्ही सगळे बालदीभोवती उभे. हळूहळू ते उलगडलं: तपकिरी, लांब पानांचं, आणि देठांना मिऱ्याएवढे हवेचे फुगे.

"पयल्या दोन लॉटचा असाच हुता?"

"नाही," बोरकर म्हणाले. "तो माल संपला म्हणून हा दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला. शेवाळ ते शेवाळ."

"भाजी ती भाजी म्हणून कोण धोतऱ्याची पाना खाता?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ह्या जातीत विष मोकळाच रवता. तिसरो लॉट उतरवा."

बोरकरांनी कामगारांना थांबायची खूण केली, पण खोके उतरवायला सांगितले नाहीत. त्यांनी सरदेसाई साहेबांना फोन लावला.

आम्ही परतलो तेव्हा साहेब बाईंच्या खुर्चीशेजारी उभे होते. ते वाईट नव्हते. त्यांच्या अंगावर बँकेचं कर्ज होतं, मशीनचंच.

"बाई, तुमचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण एका लॅबच्या एका आकड्यावर एवढा माल? आता एकूण आकड्याचा अहवाल द्या. बाकीचं बाहेरच्या लॅबकडून करून घेऊ. तोवर ट्रक जाऊ दे."

"बायलां पितली तोवर?"

साहेबांनी मेजावरची फाईल बंद केली. मग म्हणाले, "तुमच्या नोकरीची मुदत मार्चला संपते. मी दरवर्षी वाढवून देतो."

"व्हय."

"मला बोलायला लावू नका."

"बोलूचा तर बोला. सही माझी आसा."

बाहेरच्या लॅबकडे नमुना पाठवायला त्या तयार होत्या. फक्त तो आपण स्वतः काढणार, लॅब, कंपनी आणि सरकारी माणूस अशा तिन्ही पक्षांसमोर सील करणार, एवढंच त्यांचं म्हणणं. मग त्यांनी अहवाल लिहिला. दोन लॉट ठीक, तिसरा खाण्यास अयोग्य. खाली तो नेहमीचा परिच्छेद. सही करताना पेन जरा अडखळलं, म्हणून त्यांनी दुसऱ्या प्रतीवर पुन्हा केली, स्वच्छ. एक प्रत कंपनीला, आणि नियमाप्रमाणे एक सरकारी कार्यालयाला. ती त्यांनी माझ्याकडे दिली नाही, साहेबांकडेही नाही. पर्समध्ये घातली आणि पणजीची बस पकडायला निघाल्या.

दारात फोन वाजला. बोरकर होते. बाईंनी स्पीकर चालू केला, कारण कामाचा फोन त्या कधीच एकट्या घेत नसत.

"मॅडम, लॉट उतरवला," बोरकर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, माझी सून दोन महिने तीच पिते. तिसऱ्या लॉटमधली. पहिल्यांदा दळली तेव्हाच, पॅकिंगच्या कितीतरी आधी, मीच घरी नेली होती."

बाईंनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. त्या काय म्हणाल्या तेवढं मी ऐकलं.

"आजपासून बंद करा. तिका डॉक्टराकडे न्या, माझो कागद दाखवा... नाय, पुढे काय होतला ता माका कळना नाय. मी खोटा सांगूचंय नाय तुमका... व्हय. डॉक्टर बेळगावाक आसूं दे नायतर खयही, मी येतंय वांगडा. व्हय, येतंय."

त्या दिवशी पणजीहून परतताना त्या बोरकरांच्या घरी उतरल्या. पुढे डॉक्टरांकडेही दोनदा सुनेबरोबर गेल्या. मूल व्यवस्थित जन्मलं. बाई त्याबद्दल कधी 'माझ्यामुळे' म्हणाल्या नाहीत. उलट मी म्हटलं तर चिडल्या. "आणखी दोन म्हयने पियाली आसती तर काय झाला आसता ता मी मोजूक नाय," म्हणाल्या.

बाहेरच्या लॅबचा आकडा काही आठवड्यांनी आला. साहेबांच्या मेजावर मी तो बघितला. बाईंच्या आकड्याला जवळजवळ लागून होता. तोपर्यंत मार्च होऊन गेला होता आणि बाईंची खुर्ची रिकामी होती. निरोप समारंभ झाला नाही. मी फोन करून आकडा सांगितला. त्या "बरां" म्हणाल्या आणि माझ्या मातीच्या पाकिटांचं काय झालं ते विचारलं.

त्यानंतर वर्षातून एखादा फोन व्हायचा. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिका घेऊन कोरगावला गेलो. स्कूटर दुरुस्तीला होती, बसने गेलो. बाई खूप वाळल्या होत्या. ओसरीवर बसायला कदेल म्हणजे खुर्ची दिली, सोलकढी दिली, पत्रिका दोनदा वाचली. नवरामुलगा काय करतो, सासू कशी आहे, मुलीला तिथे नोकरी करू देतील का, हे सगळं खोदून विचारलं. स्वतःच्या तब्येतीचं विचारलं की "चल्लां" म्हणत.

निघताना मी नको म्हणत असतानाही त्या रस्त्यापर्यंत आल्या. चढाला दोनदा थांबल्या. मला घरी, डिचोलीकडे जायला शेवटची सोयीची बस तीच होती आणि ती भरून आली. कंडक्टरने आतूनच हात हलवला, जागा नाही.

बाई रस्त्यात उतरल्या आणि त्यांनी बसच्या दारावर हात ठेवला.

"ह्याका घे," त्या म्हणाल्या.

"आजी, उभं राहायला जागा नाही."

"आसा. मागे त्या दोघांच्या मधी एक माणूस मावता. मी बघतंय."

कंडक्टर मागे वळून बघू लागला. मी चढलो. ड्रायव्हरने गिअर टाकला तरी बाईंनी हात काढला नाही. मान वाकडी करून आत बघत राहिल्या, मी दांडा नीट धरला की नाही ते. मी हात वर करून दाखवला. तेव्हा त्यांनी हात काढला.

लग्नाला त्या आल्या नाहीत. आठ दिवस आधीच गेल्या.